गावासोबत आरोग्य संशोधन : एथिक्स कमिटीकडे अर्ज कोणी करायचा, कोणते कागद लागतात, संमती कशी घ्यायची

गावातल्या बायकांमधला रक्तक्षय, आश्रमशाळेतल्या मुलांचं पोषण, दारूपायी होणारे आजार अशा विषयांवर गावकऱ्यांनाच सोबत घेऊन अभ्यास करायचा असेल, तर पहिला प्रश्न विचारण्याआधी एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनात भाग घेणाऱ्या माणसांचे हक्क आणि सुरक्षितता तपासणाऱ्या समितीची, लेखी मंजुरी हातात हवी. माहिती गोळा करून झाल्यावर मागाहून मंजुरी मिळत नाही. ‘आम्ही औषध कुठे देतोय, नुसते प्रश्न तर विचारतोय’ असं म्हणून अर्ज टाळू नका. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं औषधांच्या चाचण्यांपुरती नाहीत. सार्वजनिक आरोग्य आणि सामाजिक-वर्तनविषयक संशोधनावर त्यात स्वतंत्र प्रकरणं आहेत.

अर्ज कोणी करायचा

अर्ज मुख्य संशोधकाच्या नावाने, त्याच्या संस्थेमार्फत जातो. संस्था लहान असेल आणि स्वतःची कमिटी नसेल, तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा संशोधन संस्थेच्या कमिटीशी सामंजस्य करार करून तिच्याकडे अर्ज करता येतो. मात्र ती कमिटी केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली आहे का, हे आधी विचारा. २०१९च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्यांच्या नियमांनी ही नोंदणी आवश्यक केली असून ती ‘नैतिक’ नावाच्या पोर्टलवर होते. कमिटीत ७ ते १५ सदस्य असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो, आणि डॉक्टरांसोबत कायद्याचा जाणकार, समाजशास्त्रज्ञ आणि एक सामान्य नागरिकही बसतो. त्या सामान्य नागरिकाला कळेल अशा भाषेत अर्ज लिहा.

लोकसहभागी अभ्यासात आशाताई, बचतगटातल्या बायका, गावातली शिकलेली पोरं मुलाखती घेतात. त्यांना अर्जात ‘क्षेत्रीय सहायक’ म्हणून एका ओळीत उरकू नये. प्रशिक्षण कोण देणार, मानधन किती, मिळालेली माहिती ते पाहू शकतील का, अहवालात त्यांचं नाव येणार का, हे सगळं अर्जात लिहा. राबायचं गावाने आणि नाव मात्र शहरातल्या संस्थेचं, असं होणार असेल तर त्याला सहभाग म्हणू नये.

कोणते कागद लागतात

आयसीएमआरने कमिट्यांसाठी सामायिक अर्जनमुने केले आहेत, त्यात सामाजिक-वर्तनविषयक आणि सार्वजनिक आरोग्य संशोधनाचा वेगळा नमुना आहे. अर्जासोबत सामान्यतः संशोधन आराखडा, प्रश्नावली, माहितीपत्रक आणि संमतीपत्र (इंग्रजी आणि स्थानिक भाषेत), संशोधकांचा परिचय, नीतिमत्ता प्रशिक्षणाचा दाखला, खर्चाचा अंदाज आणि निधी कोणाचा याचा पुरावा, हितसंबंधांचं निवेदन (संशोधकाचा अभ्यासात पैशाचा किंवा इतर स्वार्थ आहे का, ते) आणि प्रशासकीय परवानग्या जोडाव्या लागतात. परदेशी संस्था किंवा परदेशी निधी असेल, तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची परवानगी लागते का, हेही आधीच पाहून ठेवा. नवा उपचार किंवा उपक्रम देऊन त्याचा परिणाम तपासणार असाल, तर पहिला सहभागी घेण्याआधी सीटीआरआय या क्लिनिकल चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी करावी. तिला शुल्क नाही.

कमिटी अर्ज तीनपैकी एका वाटेने नेते : पुनरावलोकनातून सूट, जलद पुनरावलोकन किंवा पूर्ण बैठक. कोणती वाट, हे धोका पाहून कमिटी ठरवते, संशोधक नाही. मुलं, आदिवासी समाज किंवा घरातल्या हिंसेसारखे नाजूक प्रश्न असतील, तर पूर्ण बैठकीची तयारी ठेवूनच वेळापत्रक आखा.

आदिवासी भागात जाण्याआधी आदिवासी विकास आयुक्त किंवा जिल्हाधिकारी यांच्यासारख्या सक्षम अधिकाऱ्याची मान्यता घ्यावी, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड हे आदिवासींमधले सरकारने ठरवलेले विशेष असुरक्षित गट आहेत. त्यांच्यात जाताना हा अभ्यास याच समाजात का करायचा आणि त्यांना त्याचा काय लाभ, याचं उत्तर अर्जात स्पष्ट दिसलं पाहिजे.

संमती

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. ग्रामसभेचा ठराव किंवा सरपंचांचं पत्र ही गावात काम करण्याची परवानगी आहे. ती घ्यावीच, पण तिच्या जोरावर कोणा एका माणसाची संमती गृहीत धरता येत नाही. सासूने हो म्हटलं म्हणून सुनेचं हो होत नाही, आणि मुख्याध्यापकांची सही पालकांच्या सहीची जागा घेत नाही. २००९-१०मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याला मुलींना एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची) लस देण्याचा प्रकल्प झाला. वसतिगृहांच्या अधीक्षकांनीच मुलींच्या संमतीपत्रांवर सह्या केल्याचं संसदीय समितीने २०१३च्या अहवालात नोंदवलं. त्या मुलींपैकी बऱ्याच जणी आदिवासी आणि गरीब घरांतल्या होत्या, पालक दूर गावी. असं पुन्हा घडू नये, हाच या कागदांचा हेतू आहे.

वाचता न येणाऱ्याकडून अंगठा घेताना तटस्थ, साक्षर साक्षीदार सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर हवा. ७ ते १२ वर्षांच्या मुलांचा तोंडी आणि १२ ते १८च्या मुलांचा लेखी होकार लागतो, तोही पालकांच्या संमतीशिवाय नव्हे तर तिच्या जोडीने. गोंडी, पावरी, कोरकू बोलणाऱ्यांपुढे पुस्तकी मराठीतलं पत्रक वाचून दाखवल्याने काही साधत नाही. आधी त्याच भाषेतल्या चार जणांना ऐकवा, त्यांना काय कळलं ते विचारा आणि मगच मसुदा कमिटीकडे पाठवा. बुडालेली मजुरी आणि प्रवासखर्च द्यावा, मात्र रक्कम इतकी नसावी की नको असताना माणूस हो म्हणेल. ‘भाग घेतला नाही तरी दवाखान्यातली सेवा आणि सरकारी योजनेचा लाभ थांबणार नाही’ हे वाक्य पत्रकात ठळक हवं.

शेजारीण मुलाखत घेते तेव्हा

राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत केलेला स्त्रीरोगांचा अभ्यास १९८९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता. इतकं खाजगी दुखणं बाई सांगते ते विश्वासावर. गावातलीच मुलगी वही घेऊन बसली की तो विश्वास लवकर जुळतो, पण उद्या पाणवठ्यावर हीच मुलगी भेटणार असते. म्हणून नाजूक प्रश्नांसाठी शेजारच्या गावातली मुलाखतकार ठेवावी, प्रश्नावलीवर नावाऐवजी सांकेतिक क्रमांक घालावा आणि नाव-क्रमांकाची यादी वेगळ्या कुलुपात ठेवावी. मुलाखतकाराकडून गोपनीयतेचं लेखी वचन घ्यावं. हिंसा किंवा आत्महत्येचा विचार पुढे आला तर ती कोणाला कळवणार, हे आधी ठरवून अर्जात लिहावं. तिने ऐकलेल्या दुःखाचा तिच्यावरही भार पडतो; तिला बोलायला कोणी आहे का, हेही पाहावं.

एका माणसाचं नाव झाकलं तरी समाजाचं नाव झाकत नाही. अमेरिकेतल्या हवासुपाई या आदिवासी समाजातल्या लोकांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिलं, पुढे ते मानसिक आजार आणि वंशाच्या उगमासारख्या विषयांसाठीही वापरलं गेलं. समाजाने कोर्टात धाव घेतली आणि २०१०मध्ये अ‍ॅरिझोनातल्या सरकारी विद्यापीठांच्या नियामक मंडळाला त्यांच्याशी तडजोड करावी लागली. म्हणून रक्ताचे नमुने आणि माहिती पुढे कशासाठी वापरणार, कोणाला देणार, गावाला नको असेल तर काय, हे संमतीपत्रात लिहा. निष्कर्ष नियतकालिकाकडे पाठवण्याआधी गावासमोर, गावाच्या भाषेत मांडण्याची तारीखही आराखड्यात असू द्या.

मंजुरीनंतर

कमिटीने मागितलेले प्रगती अहवाल वेळेवर द्या आणि कागदपत्रं अभ्यास संपल्यावर किमान ३ वर्षं जपा. लोकसहभागी कामात गावकरी मधेच म्हणतात, ‘आमचा खरा प्रश्न पाण्याचा आहे, तो विचारा.’ हे चांगलं लक्षण आहे, पण आराखडा बदलला की दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. त्याला मंजुरी येईपर्यंत नवे प्रश्न विचारू नयेत. मंजूर असलेलं काम चालू ठेवता येतं.