ऐंशी खणांची ओळ

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांचे आकडे मी रोज डेटाबेसमधून काढतो. शेतकऱ्याचं नाव, गाव, पोती, वजन, दर, हमाली, तोलाई असे सगळे रकाने एकदम मागितले की काळ्या पडद्यावर एकच नोंद तीन ओळींत मोडते आणि दर वजनाखाली जाऊन बसतो. नवीन मुलांना वाटतं, डेटा बिघडला. डेटा ठीक असतो, ओळ अपुरी पडलेली असते. या ओळीची रुंदी डेटाबेसहून कितीतरी जुनी आहे.

१९२८ साली आयबीएमने ८० रकान्यांचं पंचकार्ड (भोकं पाडून माहिती नोंदवायचं कार्ड) आणलं. १९७८ च्या व्हीटी१०० टर्मिनलचा (संगणकाला जोडायच्या पडदा-कीबोर्डचा) पडदाही ८० खणांचाच होता, एका खणात एक अक्षर; हवं तर १३२. मोठ्या लाइनप्रिंटरची ओळही १३२ अक्षरांची. आपल्याकडे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर घेताना ‘ऐंशी कॉलम की एकशे बत्तीस?’ असं विचारत, ते यातूनच आलेलं.

डेटाबेसला आज्ञा देऊन उत्तर दाखवणारे प्रोग्राम, ओरॅकलचं एसक्यूएल प्लस आणि त्याआधीचं यूएफआय, याच कागदी जगातले. एसक्यूएल प्लसमध्ये लाइनसाइज (ओळीची रुंदी) मुळात ८० आणि पेजसाइज (पानाच्या ओळी) १४, म्हणजे १४ ओळींचं पान संपलं की मथळे पुन्हा छापायचे. ‘ब्रेक’ दिला की तेच नाव पुन्हा पुन्हा येत नाही, आणि जोडीला ‘कॉम्प्युट सम’ दिलं की गटाखाली बेरीज येते. नाव एकदाच, खाली रकमा, शेवटी एकूण: ही तर खतावणीच. जुन्या दिवाणजींना ती एका बैठकीत कळली असती.

पुढच्यांनी कागद सोडून पडद्याचा विचार केला. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये आज्ञेच्या शेवटी अर्धविरामाऐवजी बॅकस्लॅश आणि मोठा जी (\G) दिला की नोंद उभी दिसते, एका ओळीत एकच रकाना. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या पीएसक्यूएल प्रोग्राममध्ये हेच काम बॅकस्लॅश एक्स करतं. २०१२ च्या ९.२ आवृत्तीत त्याला ‘ऑटो’ मिळालं: मावलं तर आडवं, नाही तर उभं. मला ही सोय सगळ्यांत आवडते. आउटपुट दुसऱ्या प्रोग्रामला द्यायचं असेल तर मात्र रकान्यांभोवती आखलेल्या चौकटी अडचणीच्या. मायएसक्यूएल तेव्हा त्या आपणहून काढून टॅब घालतं; पीएसक्यूएलला तसं सांगावं लागतं, आणि थेट सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेले रकाने) तिथे २०१९ च्या १२ व्या आवृत्तीत आलं. एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस उलट साधेपणापासून निघाला. उभ्या दांडीने तोडलेल्या ओळी हा त्याचा मूळ साचा. रेखीव चौकट २०२० मध्ये आली.

एक गृहीतक मात्र या सगळ्यांच्या मुळाशी होतं: एक अक्षर, एक बाइट, एक खण. ‘सांगली’ शब्दात डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात. युनिकोड या अक्षरांच्या संगणकी यादीत ती सहा चिन्हं होतात, आणि ती साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत १८ बाइट. अनुस्वार डोक्यावर बसतो, त्याला स्वतंत्र खण लागत नाही. काना आणि वेलांटी लागतात. पीएसक्यूएलकडे अशा रुंदीचे तक्ते आहेत, पण टर्मिनल आणि फाँट यांनीही तोच हिशेब धरला तरच दांड्या सरळ येतात. माझ्या पडद्यावर तो जमत नाही. म्हणून मी आकडे आधी घेतो आणि नाव-गाव शेवटी. त्यांच्या उजवीकडे मग सरळ राहावं असं काही उरत नाही.