पाण्यात मिसळणं: भौतिक बदल की रासायनिक बदल

पाण्यात काही टाकलं की एकतर ते नुसतं विरघळतं आणि होतं तेच राहतं, हा भौतिक बदल, नाहीतर पाण्यामुळे त्याचं दुसरंच काहीतरी बनतं, तो रासायनिक. व्याख्या सोपी आहे, गोंधळ ओळखण्यात होतो.

साखर घ्या. दिसेनाशी होते, पण गोडी तशीच, पाणी आटवलं की साखर परत हातात. चुनकळीचं, म्हणजे कळीच्या चुन्याचं, तसं नाही. तिच्यावर पाणी ओतलं की ती फुसफुसते, तडकते, वाफा निघतात आणि खडा फुलून त्याचा भुगा होतो. 56 ग्रॅम चुनकळी 18 ग्रॅम पाणी पिऊन 74 ग्रॅम विरलेला चुना होते, आणि हा चुना उन्हात कितीही वाळवला तरी चुनकळी परत मिळत नाही, त्यासाठी भट्टीच लागते.

मग गरम झालं म्हणजे रासायनिक का? तर नाही. कॉस्टिक सोडा विरघळताना भांडं हाताला चटका देतं, युरिया विरघळताना गार लागतं, पण दोन्ही सहसा विरघळण्यातच धरतात. बुडबुड्यांचंही तेच, सोड्याची बाटली उघडल्यावर आधीच विरघळलेला गॅस फक्त बाहेर पडतो, पण फसफसणाऱ्या गोळीत खाण्याचा सोडा आणि सायट्रिक ॲसिड कोरडे असेपर्यंत गप्प बसलेले असतात, पाणी मिळालं की रिॲक्शन होऊन कार्बन डायऑक्साइड नव्याने तयार होतो.

सिमेंट 'सुकलं' असं आपण सर्रास म्हणतो, ते चूकच आहे. सिमेंट पाण्याशी रिॲक्शन होऊन घट्ट होतं, म्हणून तर त्यावर वरून पाणी मारत राहतात आणि काही सिमेंट पाण्याखालीसुद्धा जमतं.

परत मिळालं म्हणजे भौतिक, ही टेस्टही दरवेळी चालत नाही. निळा मोरचूद (कॉपर सल्फेट) तापवला की पांढरी पूड उरते, त्यावर पाण्याचा थेंब टाकला की तिथल्या तिथे निळा, असं कितीही वेळा करा, तरी याला बहुतेक ठिकाणी रासायनिकच म्हणतात कारण पाणी स्फटिकाच्या रचनेतच जाऊन बसतं.

आणि मीठ? साखरेचे रेणू पाण्यात अख्खे राहतात, मिठाचे सोडियम आणि क्लोराइड आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, मात्र सुटे होतात, म्हणून मिठाच्या पाण्यातून करंट जातो, साखरेच्या पाण्यातून जवळजवळ नाहीच. पाणी आटवलं की मीठ परत येतं म्हणून शाळेत ते भौतिकमध्ये टाकतात, पण आयनांमधला बंध सुटतो त्याचं काय, यावर केमिस्ट्रीवाले अजून वाद घालतात.