बकासुराचा गाडा आणि चाळिशीतले वाचक

एकचक्रा नगरीत बकासुराला गाडाभर भात, दोन रेडे आणि एक माणूस पोचवायचा, असा करार होता. घरटी पाळी ठरलेली. ज्या घरात पाळी येते तिथे बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी, मुलगी म्हणते मी. रडारड चाललेली असताना घरातलं बोबडं पोर गवताची काडी उचलतं आणि म्हणतं, रडू नका, हिनं मी त्या राक्षसाला मारतो. लहानपणी ऐकताना आमचं सगळं लक्ष भीमाकडे. आता वाचताना नजर त्या काडीवरच अडते.

सुझन कॉलिन्स यांची ‘द हंगर गेम्स’ (२००८) मी भाचीच्या कपाटातून सहज चाळायला घेतली आणि रात्री दीडला खाली ठेवली. सकाळी सहाला डबे होते, तरीही. पॅनेम नावाच्या भविष्यातल्या देशात बारा जिल्ह्यांतून दरवर्षी प्रत्येकी एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी काढून निवडतात आणि एकच उरेपर्यंत टीव्हीसमोर झुंजवतात. चिठ्ठी धाकट्या बहिणीची निघते आणि सोळा वर्षांची कॅटनिस पुढे होते: तिच्याऐवजी मी. कॉलिन्स यांनी या कल्पनेचं मूळ थिसियसच्या ग्रीक कथेत असल्याचं सांगितलं आहे. तिथे अथेन्सची सात मुलं आणि सात मुली मिनोटॉर या बैलाच्या डोक्याच्या राक्षसाच्या तोंडी जायची. थोडक्यात, गाडा तोच, गाव वेगळं.

अशा पुस्तकांवर शिक्का ‘यंग अडल्ट’चा, म्हणजे साधारण बारा ते अठरा वयाचा. पण अमेरिकेत २०१२ मध्ये बोकर या संस्थेनं पुस्तकखरेदीची पाहणी केली, तेव्हा या गटातली पुस्तकं घेणाऱ्यांत ५५ टक्के लोक अठरा किंवा त्याहून मोठे निघाले. सगळ्यात मोठा गट ३० ते ४४ वर्षांचा. मुलांसाठी घेतली असतील म्हणावं, तर या प्रौढांनी ७८ टक्के वेळा पुस्तक स्वतःला वाचायला घेतल्याचं सांगितलं.

यावर ‘सोपं असतं, म्हणून वाचतात’ असं नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. त्यात तथ्य आहे. वाक्यं छोटी, निवेदन बहुधा ‘मी’चं, गोष्ट पळती. पण सोपी पुस्तकं ढिगानं असतात. पोरांना मरायला पाठवणारं हेच का हवं?

पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञांनी असाच प्रश्न मिरचीबद्दल विचारला होता. मेक्सिकोतल्या एका गावात त्यांनी पाहिलं की कुत्री आणि डुकरं रोज तिखट खरकटं खाऊन वाढलेली असली, तरी त्यांना मिरचीची गोडी लागलेली नव्हती. माणसांना मात्र लागते, आणि पुष्कळांना तर सोसेल त्याच्या काठावरचाच तिखटपणा आवडतो. ठेचा खाताना जीभ मेंदूला सांगते, भाजलं! डोळ्यांत पाणी येतं, नाक वाहतं. आणि आपण आणखी एक भाकरी घेतो, कारण खरं काही भाजलेलं नाही हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. शरीर फसतंय आणि आपण फसत नाही, या जाणिवेतलं हे सुख. रडवणारी गाणी, भुताचे सिनेमे, आकाशपाळणा यांनाही रोझिन यांनी याच रांगेत बसवलं. चिठ्ठीचं पान उलटताना छाती धडधडते ती खरीच असते. फक्त आपलं नाव त्या चिठ्ठ्यांच्या भांड्यात नसतं.

पण मग नायिका सोळाचीच का? इथे स्मृतीचा एक चमत्कारिक गुण कामाला येतो. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला एखादा शब्द देऊन आयुष्यातली आठवण सांगायला लावली, की अगदी अलीकडच्या सोडल्यास आठवणींची गर्दी साधारण दहा ते तीस या वयाभोवती दिसते. आलेख काढला तर तिथे चक्क टेंगूळ येतं. कारणांवर अजून वाद आहेत; पहिलेपणा हे त्यातलं एक. पहिली मैत्री, पहिला नकार आणि ‘मोठी माणसं सांगतात ते सगळं खरं नसतं’ हा पहिला धक्का त्याच वयातला. त्यामुळे कॅटनिसचा संताप आपल्याला नव्यानं समजून घ्यावा लागत नाही, तो आत तयारच असतो. तरुण वाचक हे पुस्तक एका खुर्चीतून वाचतो. चाळिशीतला वाचक मुलीच्या खुर्चीत बसतो आणि मधूनच उठून तिच्या आईच्या खुर्चीत जातो. मला तर शेवटी आईचीच जास्त बोचली.

हे सगळं नुसती करमणूक म्हणून सोडून देता येईल का? कॅल्व्हर्ट जोन्स आणि सेलिया पॅरिस या दोन राज्यशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध केले. काहींना अशा डिस्टोपियन, म्हणजे भविष्यातल्या जुलमी जगाच्या, गोष्टी दाखवल्या, काहींना गाड्यांच्या मारधाडीचा सिनेमा, काहींना काहीच नाही. जुलमी सत्तेविरुद्ध हिंसक उठावही कधी समर्थनीय ठरतो, हे मान्य करायला डिस्टोपियन गट जास्त तयार झाला. निव्वळ मारधाड पाहून तसं झालं नाही. थायलंडमधल्या खऱ्या निदर्शनांच्या बातमीपेक्षाही काल्पनिक गोष्टीचा परिणाम जास्त दिसला. अर्थात प्रयोगात दिलेलं उत्तर आणि रस्त्यावर उतरणं यांत बरंच अंतर आहे.

योगायोग असा की त्याच थायलंडमध्ये मे २०१४ च्या लष्करी उठावानंतर निदर्शकांनी ‘हंगर गेम्स’मधली खूण उचलली, हाताची मधली तीन बोटं वर. सैन्यानं लोकांना त्यासाठी ताब्यात घेतलं. पुढे २०२१ मध्ये ती म्यानमारमध्ये पोचली. पोरांबरोबर डॉक्टर आणि शिक्षकही बोटं उंचावून उभे राहिले. त्या फेब्रुवारीत संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत म्यानमारचे राजदूत क्यॉ मो टुन स्वतःच्याच देशातल्या लष्करी सत्तेविरुद्ध बोलले. भाषण संपवताना आवाज कापत होता. सूट घातलेल्या त्या मध्यमवयीन गृहस्थांनी मग हात वर केला आणि तीन बोटं उभी केली.