पुढच्या एक्सलचा झिजलेला जॉइंट : निदान

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारीत गिअरबॉक्सपासून दोन्ही पुढच्या चाकांपर्यंत एकेक दांडा जातो. गॅरेजमध्ये त्याला एक्सल म्हणतात. त्याच्या दोन्ही टोकांना जॉइंट असतात : आतला गिअरबॉक्सकडे, बाहेरचा चाकाकडे. चाक वळले किंवा खड्ड्यात वर-खाली झाले तरी त्याला मिळणारी गती एकसारखी राहावी, यासाठी ते असतात. म्हणून त्यांचे नाव समवेगी किंवा सीव्ही जॉइंट. भारतात अँबॅसडर आणि प्रीमिअर पद्मिनी मागच्या चाकांवर चालत. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० पासून हा भाग सामान्य घरांच्या वाट्याला आला. ओम्नी, ईको, बोलेरो या गाड्यांना पुढची नोंद लागू नाही, कारण त्यांत ताकद मागच्या चाकांना जाते.

बाहेरच्या जॉइंटमध्ये सहसा सहा पोलादी गोळ्या असतात. बाहेरची वाटी आणि आतला गाभा यांच्या खाचांतून त्या सरकतात आणि एक जाळी त्यांना जागेवर धरते. ही रचना आल्फ्रेड शेप्पा या अभियंत्याने १९२० च्या दशकात काढली. ती सुमारे ४५ अंशांपर्यंत वाकते. आतला जॉइंट तेवढा वाकत नाही, पण आत-बाहेर सरकतो. दोन्हींवर घड्यांचे रबरी बूट असतात आणि आत काळे ग्रीस.

जॉइंट सहसा आपणहून झिजत नाही. आधी बूट फाटतो. फिरत्या एक्सलमुळे ग्रीस बाहेर उडते आणि त्याच फटीतून पाणी व माती आत शिरते. इंदुरात पावसाळ्यात माळव्याची काळी चिकट माती चाकाच्या खोबणीत थापून बसते, तेव्हा फाटलेला बूट तिच्याआड दिसतही नाही. म्हणून पावसाळा संपताच पुढची चाके आतून धुऊन बूट पाहणे हे सर्वांत स्वस्त निदान आहे. स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवले की बाहेरचा बूट चाकामागे उघडा पडतो. गाडी बंद असताना त्याची प्रत्येक घडी बोटांनी उघडून पाहावी; चीर बहुधा घडीच्या तळाशी असते. रिमच्या आतल्या बाजूला आणि लोअर आर्मवर (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्यावर) काळ्या ग्रीसचे शिंतोडे एका रेषेत उडालेले असतील, तर बूट फाटला आहे किंवा त्याचा पट्टा सैल झाला आहे. हे ग्रीस चिमटीत चोळले आणि कचकच लागली, तर माती आत पोचली आहे.

आवाज यानंतर येतो. बाहेरचा जॉइंट खराब झाला की पूर्ण वळणावर, अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर, अडकित्त्याने सुपारी कातरल्यासारखी कट-कट ऐकू येते. चाकाचा वेग वाढला की ती जलद होते. राजवाडा-सराफ्याच्या गल्लीत गाडी वळवताना ती चटकन कानावर येते, कारण शेजारची भिंत आवाज परत पाठवते. मुद्दाम तपासायचे तर अन्नपूर्णा रोडवरचे दशहरा मैदान मोकळे असताना काचा खाली करून, आधी डावीकडे आणि मग उजवीकडे पूर्ण स्टेअरिंग ठेवून हळू गोल फिरावे. तेच रिव्हर्समध्येही करावे. वळणाच्या बाहेरच्या चाकाचा जॉइंट वाजतो, असा मिस्त्रींचा आडाखा आहे. तो बरेचदा जुळतो, पण केवळ त्यावर भरवसा ठेवून सुटा भाग मागवू नये. बूट आणि एक्सल पाहूनच बाजू ठरवावी.

आतल्या जॉइंटची तक्रार वेगळी असते. भेरूघाटाच्या चढावर जोर दिला की गाडी थरथरते, पाय उचलला की थरथर ओसरते. अ‍ॅक्सिलरेटर सोडताना-धरताना एखादा ‘ठक’ही येतो.

खरी गफलत होते ती दुसऱ्याच भागाचा आवाज एक्सलचा समजण्यात. गतिरोधकावर येणारी खडखड बहुधा स्टॅबिलायझर लिंक किंवा बॉल जॉइंट या सस्पेन्शनच्या सांध्यांची असते. वेगाबरोबर वाढणारी, न्यूट्रलमध्येही न थांबणारी घुमघुम व्हील बेअरिंगची. ठराविक वेगालाच स्टेअरिंग हलत असेल, तर आधी चाकांचे बॅलन्सिंग पाहावे. सरळ रस्त्यावरही टिक-टिक येत असेल, तर टायरच्या खाचेत खडा अडकला असू शकतो. आणि चाकाचे नट ढिले असले तरी कटकट होते, तेव्हा सर्वांत आधी ते तपासावेत. मिस्त्रीला नुसते “भिया, एक्सल बजता है” सांगण्यापेक्षा आवाज कुठल्या वळणावर, जोर देताना की सोडताना येतो ते सांगावे आणि त्याला शेजारी बसवून तो ऐकवावा. यात गिऱ्हाइकाचे पैसे वाचतात.

हाताने तपासायचे तर गाडी सपाट जागी, मागच्या चाकांना ठोकळे लावून, जॅकने उचलून पक्क्या स्टँडवर उभी करावी. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही जाऊ नये. चाक धरून एक्सल पुढे-मागे पिळला आणि बाहेरच्या जॉइंटपाशी ढिलाई जाणवली, तर झीज झाली आहे. आतल्या जॉइंटचे आत-बाहेर सरकणे हा दोष नव्हे. ते न कळल्याने चांगले एक्सलही बदलले जातात.

बूट नुकताच फाटला असून आवाज नसेल, तर जॉइंट उघडून, धुऊन, नवे ग्रीस आणि नवा बूट पुरतो. कटकट सुरू झाल्यावर नुसता बूट बदलणे म्हणजे पैसे वाया घालवणे : खाचांत पडलेले खड्डे ग्रीसने भरत नाहीत. तेव्हा जॉइंट किंवा अख्खा एक्सल बदलावा लागतो. इंदूरहून धुळ्याकडे बिजासन घाट उतरून जायचे असेल, तर हे काम निघण्याआधी करावे. जॉइंट तुटला की इंजिन चालू आणि गिअर टाकलेला असूनही गाडी पुढे सरकत नाही. ऑटोमॅटिक गाडीत ‘पी’ची (पार्किंगच्या गिअरची) पकडही एक्सलमधूनच चाकांपर्यंत जाते, त्यामुळे एक्सल तुटलेली गाडी ‘पी’मध्ये असूनही उतारावर घरंगळू शकते, तिला हँडब्रेकच धरतो. एक्सल काढताना बरेचदा गिअर ऑइल सांडते. ते पुन्हा नेमक्या पातळीपर्यंत भरावे, ऑइल सील पाहावे आणि चाकाच्या मध्यावरचा एक्सल नट नवा घालून कंपनीने दिलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या ठरलेल्या जोराला) आवळावा.