श्रावण ते मार्गशीर्ष : माडीवरच्या साहित्यकेंद्राचा नवा हंगाम

आमच्या सर्व ग्राहकांना आणि वाचकांना नमस्कार.

दुकानाच्या माडीवरचं साहित्यकेंद्र श्रावणापासून पुन्हा सुरू होत आहे. मार्गशीर्षापर्यंत तिथे काय काय होणार, तिकीट कशाला आहे आणि कशाला नाही, जागा कशी राखायची, हे सगळं या पत्रकात सांगितलं आहे. १८४० साली सार्वजनिक वाचनालय सुरू झालेल्या नाशिकला वाचनाचं कौतुक नवं नाही. तरी गल्ल्यावर एक प्रश्न हमखास येतो : पुस्तक घरी असताना ते ऐकायला कशाला यायचं? यंदाचा हंगाम ऐकण्याचाच आहे, म्हणून त्याचं उत्तर आधी देतो.

मराठीतलं पुष्कळ वाङ्मय कागदावर येण्याआधी कानांवर पडलं. ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती उतरून घेतली. अभंग कीर्तनातून गावोगाव पोचले. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. काम करता करता त्या जे गात होत्या ते सोपानदेव आणि पीतांबर चौधरी यांनी टिपून ठेवलं, म्हणून १९५२ साली ते पुस्तकरूपाने आपल्याला मिळालं. असं लेखन मनातल्या मनात वाचलं तर अर्थ कळतो, पण त्याची चाल हाती लागत नाही. ती चाल ऐकवावी, एवढ्यासाठी हा खटाटोप आहे.

श्रावण : जात्यावरची ओवी

सुरुवात ओवीने. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एवढं मोठं काव्य रचणाऱ्या बायकांपैकी फार थोड्यांची नावं आपल्याला माहीत आहेत, याची आम्हाला खंत वाटते. त्र्यंबक आणि इगतपुरीकडच्या काही आजी या कार्यक्रमाला येणार आहेत आणि माडीवर खरंखुरं जातं मांडणार आहोत. दळणाऱ्या बाईचा एक हात खुंट्यावर असतो, दुसऱ्या हाताने ती दाण्यांची वैरण घालते. मूठ जात्यात पडेपर्यंत ओवी क्षणभर अडते आणि जातं फिरलं की पुढची ओळ येते. छापलेल्या ओवीत ही थांबायची जागा दिसत नाही. ती समोर पाहिली की ओळींची लांबी तेवढीच का, हे आपोआप उमगतं.

त्याच महिन्यात एक संध्याकाळ बहिणाबाईंची. वाचणाऱ्या ताई जळगावकडच्या आहेत आणि त्या घरी बोलतात तीच बोली इथे ऐकू येईल. हा आग्रह आम्ही मुद्दाम धरला. त्या बोलीत पुष्कळदा ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. पुणेरी उच्चारांत वाचायला गेलं की यमकं मोडतात आणि कविता परकी वाटू लागते. सिडको-सातपूरला राहणाऱ्या खानदेशी मंडळींनी घरातल्या वडीलधाऱ्यांना जरूर घेऊन यावं.

तिसऱ्या श्रावणी सोमवारच्या आदल्या शनिवार-रविवारी कार्यक्रम नाही. ब्रह्मगिरीच्या फेरीमुळे त्या दोन दिवसांत गाड्यांना उभं राहायलाही जागा नसते. गणपतीचे दहा दिवसही माडी बंद राहील.

आश्विन : ‘स्मृतिचित्रे’, चार रविवार

हंगामातला सगळ्यात मोठा कार्यक्रम हा. लक्ष्मीबाई टिळक आपल्या नाशिकच्याच. १८६८ साली गोदाकाठच्या जलालपूरला त्यांचा जन्म झाला आणि १९३६ साली त्या नाशिकातच गेल्या. लग्नानंतर घरातच जेमतेम लिहायला-वाचायला शिकलेल्या या बाईंनी ‘स्मृतिचित्रे’ हे मराठीतलं सर्वांत जिवंत आत्मचरित्र लिहिलं, असं आमचं ठाम मत आहे. वडिलांचं टोकाचं सोवळं, पती, कवी नारायण वामन टिळकांचा लहरी आणि उदार स्वभाव, १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर झालेली ताटातूट आणि १९०० साली बाईंनी स्वतःच्या विचाराने उचललेलं तेच पाऊल, हे सगळं त्या ओसरीवर बसून सांगावं तसं सांगतात. रडवून लगेच हसवतात. हे पुस्तक मोठ्याने वाचण्यासाठीच आहे.

छापील पान नीट, सावकाश वाचायला अडीच-तीन मिनिटं लागतात. म्हणजे एका बैठकीच्या सव्वा तासात साधारण पंचवीस पानं होतात. त्यामुळे निवड करावी लागली. वाक्यांना मात्र आम्ही हात लावलेला नाही. जे प्रसंग घेतले ते अखंड घेतले आणि मधला दुवा निवेदक दोन वाक्यांत सांगेल. तीन वाचक आहेत. त्यांच्या प्रतींवर श्वास घ्यायच्या जागी पेन्सिलीने उभ्या रेघा आहेत, आणि जिथे हशा अपेक्षित आहे तिथे दोन रेघा, म्हणजे पुढचं वाक्य हशात बुडत नाही. तालमी आषाढापासून चालू आहेत.

एखादा रविवार चुकला तरी पुढचा भाग समजेल. पण पहिला चुकवू नका.

दिवाळी अंक आणि इतर

का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि मराठीत ही प्रथा रुजली. अंक दुकानात येऊ लागले की माडीवर दोन दिवस ते सगळे मांडून ठेवू. चहा घ्या, चाळा, विकत घ्यायची सक्ती नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यंदाच्या अंकांत लिहिणारे नाशिकचे काही लेखक आपलाच मजकूर वाचून दाखवतील.

कार्तिकात लिहिणाऱ्यांसाठी दोन दिवसांची कार्यशाळा आहे. बाराच जणांना प्रवेश, कारण प्रत्येकाचा मजकूर सर्वांसमोर मोठ्याने वाचून त्यावर काम करायचं आहे. जिथे वाचताना जीभ अडखळते तिथे वाक्य दुरुस्तीला आलेलं असतं, ही त्यामागची सोपी कसोटी. मुलांचा गोष्टींचा तास नेहमीप्रमाणे दर शनिवारी सकाळी. मार्गशीर्षातल्या कवितावाचनाची यादी अजून ठरायची आहे, ती दुकानाच्या दारावर लागेल.

तिकिटाबद्दल

ओव्या, बहिणाबाई, ‘स्मृतिचित्रे’, दिवाळी अंक आणि मुलांचा तास यांना तिकीट नाही. कार्यशाळेला आणि मार्गशीर्षातल्या कवितावाचनाला आहे. कारण सांगतो. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत लेखनाचे हक्क वारसांकडे राहतात, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर छापल्या गेलेल्या पुस्तकासाठी ही साठ वर्षं प्रकाशनापासून मोजतात. लक्ष्मीबाई आणि बहिणाबाई यांच्या बाबतीत ही मुदत संपली आहे. आजच्या कवींचं मात्र आम्ही लेखी परवानगीशिवाय काही वाचत नाही आणि मानधनही देतो, मग कार्यक्रम कितीही छोटा असो. तिकिटाचे पैसे त्यासाठीच जातात. ओवी म्हणायला येणाऱ्या आजींचं मानधन आणि गाडीभाडं दुकान देणार आहे.

याच कारणाने तिकिटाच्या कार्यक्रमांचं मोबाइलवर चित्रण करू नये. परवानगी त्या संध्याकाळच्या वाचनापुरती असते, चित्रणाची वेगळी घ्यावी लागते.

येण्याआधी

खुर्च्या साठ आहेत. तिकीट नसलं तरी गल्ल्यावर नाव नोंदवून जागा राखून ठेवा. संध्याकाळचे कार्यक्रम साडेसहाला वेळेवर सुरू होतात. उशीर झाला तर मधल्या विश्रांतीपर्यंत खाली दुकानात थांबावं लागेल, कारण माडीचा जिना लाकडी आहे आणि पावलांचा आवाज वाचणाऱ्यापर्यंत पोचतो.

ज्यांना जिना चढणं अवघड आहे त्यांनी आदल्या दिवशी कळवावं. खाली दुकानात ध्वनिक्षेपक लावून त्यांची बसायची सोय करतो. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी वाचनाची संहिता मोठ्या टाइपात छापलेली मिळेल. पहिल्या रांगेतल्या सहा खुर्च्याही त्यांच्यासाठीच राखलेल्या आहेत, तिथे इतरांनी बसू नये ही विनंती.

नावनोंदणी सोमवार सोडून रोज सकाळी १० ते रात्री ८. कार्यशाळेसाठी येताना आपल्या लेखनाची दोन पानं सोबत आणा, हाताने लिहिलेली असली तरी चालतील.