श्रद्धापर व बायबलाधारित चित्रपटांचे चित्रपटगृहांतील पुनरागमन

बायबलमधील कथा, येशू ख्रिस्ताचे चरित्र अथवा ख्रिस्ती श्रद्धेभोवती गुंफलेले आजच्या काळातील कथानक मांडणारे चित्रपट १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मोठ्या पडद्यावरून जवळजवळ दिसेनासे झाले होते. २००४ नंतर, आणि विशेषतः कोविड महासाथीनंतरच्या वर्षांत, ते प्रामुख्याने अमेरिकेतील चित्रपटगृहांत पुन्हा नियमितपणे लागू लागले. जुन्या काळी स्टुडिओ आपल्या भांडवलावर भव्य बायबलपट काढत आणि नाना पंथांचे, नाना मतांचे लोक ते पाहायला जात. नव्या काळात प्रेक्षकवर्ग आधी संघटित असतो आणि चित्रपट त्याच्यासाठी, पुष्कळदा त्याच्याच पैशातून, तयार होतो. पुनरागमनाचे यश आणि त्याच्या मर्यादा या दोन्हींचे मूळ या बदलात आहे.

चित्रपटमाध्यमाच्या जन्मापासूनच येशूचे चरित्र पडद्यावर येत राहिले. १८९८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये येशूच्या दुःखसहनाचे चलच्चित्र दाखवले गेले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समधील पाथे कंपनीने हाताने रंग भरलेली ख्रिस्तचरित्राची दृश्ये जगभर पाठवली. या परंपरेशी महाराष्ट्राचा थेट संबंध आहे. १९१० च्या सुमारास मुंबईत धुंडिराज गोविंद फाळके यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील असाच एक मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त सरकत असताना आपल्या मनश्चक्षूंपुढे श्रीकृष्ण, श्रीरामचंद्र, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. पत्नी सरस्वतीबाईंनाही त्यांनी तो चित्रपट दाखवला. त्या ध्यासातून घडलेला ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. भारतीय चित्रपटाच्या आणि त्यातील पौराणिक परंपरेच्या उगमाशी एक ख्रिस्तपट आहे, ही गोष्ट मराठी वाचकाने आवर्जून ध्यानात ठेवावी अशी आहे.

हॉलिवूडमध्ये या प्रकाराला वैभव मिळवून दिले ते सेसिल बी. डमिल यांनी. ‘द टेन कमांडमेंट्स’ त्यांनी दोनदा काढला, १९२३ मध्ये मूकपट म्हणून आणि १९५६ मध्ये रंगीत बोलपट म्हणून. १९५० च्या दशकात दूरचित्रवाणीने प्रेक्षक घरी बसवल्यावर त्याला बाहेर काढण्यासाठी स्टुडिओंना रुंद पडदा आणि हजारोंची गर्दी हवी होती, आणि बायबलमध्ये दोन्हींना वाव होता. सिनेमास्कोप या रुंद पडद्याच्या तंत्रात प्रदर्शित झालेला पहिला चित्रपट ‘द रोब’ (१९५३) हा ख्रिस्ताच्या वस्त्राची कथा सांगणारा होता, हा योगायोग मानता येत नाही. १९५९ च्या ‘बेन-हर’ने ११ ऑस्कर पारितोषिके मिळवली. मात्र खर्चाचे आकडे फुगत गेले आणि सुमारे २ कोटी डॉलर खर्चून केलेला ‘द ग्रेटेस्ट स्टोरी एव्हर टोल्ड’ (१९६५) तिकीटबारीवर कोसळला. १९६८ मध्ये हॉलिवूडची जुनी आचारसंहिता जाऊन वयोगटानुसार वर्गीकरण आले, प्रेक्षक तरुण झाला, त्याच्या आवडी बदलल्या आणि स्टुडिओंनी बायबलकडे पाठ फिरवली.

चित्रपटगृहाबाहेर मात्र श्रद्धापर चित्रपट चालू राहिले. चर्चच्या सभागृहांत, शिबिरांत आणि पुढे व्हिडिओ कॅसेटवर ते दाखवले जात. १९७९ चा ‘जीझस’ हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. लूककृत शुभवर्तमानावर, म्हणजे बायबलमधील येशूच्या एका चरित्रावर, बेतलेला आणि इस्राएलमध्ये चित्रित झालेला हा चित्रपट थिएटरांत फारसा गाजला नाही. पण एका ख्रिस्ती संघटनेने त्याचे दोन हजारांहून अधिक भाषांत ध्वनिमुद्रण केले आणि गावोगावी पडदा लावून तो दाखवला. या दीर्घ वनवासात एक प्रेक्षकवर्ग बांधला गेला. चित्रपट पाहणे हा उपासनेचा आणि साक्षीचा भाग आहे, अशी त्याची धारणा झाली आणि एकत्र जमण्याची त्याची व्यवस्थाही तयार होती. त्याला चित्रपटगृहापर्यंत आणणारा कोणीतरी हवा होता.

तो २००४ मध्ये आला. मेल गिब्सन यांनी सुमारे ३ कोटी डॉलर पदरचे घालून ‘द पॅशन ऑफ द क्राइस्ट’ काढला. संवाद अरामाईक, लॅटिन व हिब्रू या भाषांत, हॉलिवूडचा बडा तारा नाही, आणि येशूला फटके मारण्याचा प्रसंग इतका दीर्घ व रक्तबंबाळ की, चित्रपटाला पालकांशिवाय अल्पवयीनांस मज्जाव करणारे प्रमाणपत्र मिळाले. बड्या स्टुडिओंनी हात आखडता घेतल्यावर न्यूमार्केट या छोट्या कंपनीने वितरण स्वीकारले. प्रदर्शनापूर्वी अनेक महिने गिब्सन यांनी पाळकांना (चर्चच्या उपदेशकांना) आणि धर्मगुरूंना चित्रपटाच्या अपूर्ण प्रती दाखवल्या. पाळकांनी प्रवचनांतून त्याची शिफारस केली, चर्चच्या मंडळ्यांनी, म्हणजे सभासदसमूहांनी, अख्खे खेळ आगाऊ विकत घेतले आणि २५ फेब्रुवारी २००४ रोजी, उपवासकाळ सुरू करणाऱ्या राखेच्या बुधवारी, चित्रपट लागला. ज्यू समाजाचे चित्रण द्वेषाला खतपाणी घालणारे आहे, असा गंभीर आक्षेप ज्यू संघटनांनी घेतला आणि तो आजही विचारात घ्यावा लागतो. उत्तर अमेरिकेत त्याने सुमारे ३७ कोटी डॉलर, तर जगभरात ६१ कोटी डॉलर मिळवले. त्या प्रमाणपत्राच्या चित्रपटांतील उत्तर अमेरिकेतील हा उच्चांक २०२४ पर्यंत टिकला.

या यशानंतर सोनीसारख्या स्टुडिओंनी श्रद्धापर चित्रपटांसाठी स्वतंत्र विभाग काढले. पण खरी वाट दाखवली ती जॉर्जिया राज्यातील ऑल्बनी या गावच्या शेरवुड बॅप्टिस्ट चर्चने. तेथील केंड्रिक बंधूंनी मंडळीतील स्वयंसेवकांना हाताशी धरून ‘फेसिंग द जायंट्स’ (२००६) आणि ‘फायरप्रूफ’ (२००८) काढले. मोडत आलेला संसार सावरणाऱ्या अग्निशमन जवानाची कथा सांगणाऱ्या ‘फायरप्रूफ’चा खर्च सुमारे ५ लाख डॉलर होता आणि उत्पन्न ३ कोटी ३० लाखांच्या पुढे गेले. नायकाची भूमिका करणारे कर्क कॅमेरन स्वतःच्या पत्नीखेरीज कोणाचेही चुंबन घेणार नव्हते. तेव्हा शेवटच्या चुंबनदृश्यासाठी त्यांच्या पत्नीलाच नायिकेचा वेश देऊन ते दृश्य छायाकृतीसारखे टिपण्यात आले. या चित्रपटांमागची निष्ठा आणि त्यांची कलादृष्टी, दोन्हींची कल्पना या एका तपशिलातून येते. त्याच बंधूंचा प्रार्थनेवरील ‘वॉर रूम’ (२०१५) प्रदर्शनाच्या दुसऱ्या आठवड्याअखेर अमेरिकी तिकीटबारीवर पहिल्या क्रमांकावर होता.

मोठ्या स्टुडिओंनी २०१४ मध्ये जुन्या थाटाचा प्रयत्न करून पाहिला. बायबलमधील महापुराच्या कथेवरील, डॅरन ॲरोनॉफ्स्की यांच्या ‘नोहा’त पाषाणदेही राक्षस होते आणि नायक स्वतःच्या नातवंडांच्या जिवावर उठण्यापर्यंत जात होता. श्रद्धावान प्रेक्षक बिथरेल या भीतीने निर्मात्यांनी जाहिरातींत खुलासा घातला की, चित्रपट नोहाच्या कथेपासून स्फूर्ती घेऊन केला आहे. त्याने कमाई केली. पण चर्चचा प्रेक्षक दुरावलेलाच राहिला. त्याच वर्षी सुमारे २० लाख डॉलर खर्चाच्या ‘गॉड्स नॉट डेड’ने अमेरिकेत ६ कोटी डॉलर मिळवले. कलाकृती म्हणून पाहता ‘नोहा’ अधिक धीट आणि अधिक विचार करायला लावणारा आहे. दुसरा चित्रपट नास्तिक प्राध्यापकाला केवळ वादात पाडण्यासाठीच उभा करतो. तथापि पुढची वाटचाल दुसऱ्याच्या मार्गाने झाली. ‘बेन-हर’ची २०१६ ची नवी आवृत्ती आपटल्यावर स्टुडिओंचा उत्साह मावळला.

महासाथीनंतरचे पुनरागमन ‘द चोझन’ या मालिकेशी निगडित आहे. दिग्दर्शक डॅलस जेंकिन्स यांनी आपल्या चर्चच्या नाताळ उपासनेसाठी मेंढपाळांवर एक लघुपट केला होता. तो समाजमाध्यमावर पसरल्यावर सोळा हजारांहून अधिक लोकांनी छोट्या छोट्या रकमा गुंतवून १ कोटी डॉलर जमवले आणि त्यातून ही मालिका उभी राहिली. येशूपेक्षा शिष्यांच्या, त्याची आई मरिया हिच्या, अनुयायी मग्दालिया मरियेच्या दृष्टीने कथा सांगणे, हिशेबात गर्क मत्तय आणि कर्जात बुडालेला पेत्र या शिष्यांना हाडामांसाची माणसे म्हणून उभे करणे, हे या मालिकेचे सामर्थ्य. मोफत ॲपवर उपलब्ध असलेली ही मालिका थिएटरमध्ये कोण पाहणार, ही शंका २०२१ च्या नाताळातील विशेष खेळांनी फोल ठरवली. चौथे पर्व फेब्रुवारी २०२४ मध्ये संपूर्णपणे आधी चित्रपटगृहांत दाखवले गेले आणि शेवटच्या भोजनावरील पाचवे पर्व २०२५ च्या ईस्टरपूर्व आठवड्यांत तीन भागांत लागले. या खेळांचे वितरण ज्या फॅदम कंपनीने सुरुवातीस केले, तिची मालकी एएमसी, रीगल व सिनेमार्क या अमेरिकेतील तीन मोठ्या साखळ्यांकडे आहे. आठवड्याच्या मधल्या, एरवी रिकाम्या जाणाऱ्या दिवसांत ऑपेरा, जुने चित्रपट व धार्मिक कार्यक्रम दाखवणे हा तिचा व्यवसाय होय. महासाथीत आणि २०२३ च्या लेखक-अभिनेत्यांच्या संपांत नव्या चित्रपटांचा ओघ आटला, तेव्हा प्रदर्शकांना पडदे भरण्यासाठी काही तरी हवेच होते.

लोकवर्गणीची हीच पद्धत अमेरिकेच्या युटा राज्यातील एंजेल स्टुडिओने चित्रपटांना लावली. मानवी तस्करीवरील ‘साउंड ऑफ फ्रीडम’ ४ जुलै २०२३ रोजी लागला. श्रेयनामावली चालू असताना नायक जिम कॅव्हिझेल पडद्यावर येऊन थेट प्रेक्षकांशी बोलत, पडद्यावर क्यूआर कोड झळके आणि तो मोबाइलने टिपून अनोळखी माणसासाठी तिकीट विकत घेण्याचे आवाहन केले जाई. चित्रपटाने अमेरिकेत १८ कोटी डॉलरच्या पुढे मजल मारली. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्याच कंपनीने दक्षिण कोरियात तयार झालेला ‘द किंग ऑफ किंग्ज’ हा सचेतपट (ॲनिमेशनपट) आणला, ज्यात चार्ल्स डिकन्स आपल्या लहान मुलाला येशूची गोष्ट सांगतो. पहिल्या तीन दिवसांतील १ कोटी ९० लाख डॉलरच्या उत्पन्नाने त्याने ‘द प्रिन्स ऑफ इजिप्त’ (१९९८) या बायबलाधारित सचेतपटाचा विक्रम मागे टाकला. बायबलमधील राजा दाविदाच्या जीवनावरील सचेतपट त्याच वर्षीच्या डिसेंबरात आला.

एकगठ्ठा तिकीटविक्री हा या साऱ्या व्यवहाराचा कणा आहे. मंडळीचा पाळक किंवा एखादा सधन सभासद एक पडदा एका खेळापुरता भाड्याने घेतो, तिकिटे कुटुंबांत आणि शेजाऱ्यांत वाटली जातात, काही ठिकाणी खेळानंतर तेथेच प्रार्थना व चर्चा होते. पहिल्या आठवड्याचा गल्ला त्यामुळे प्रदर्शनापूर्वीच बऱ्याच अंशी निश्चित असतो आणि जाहिरातीवरचा खर्च वाचतो. विकलेले तिकीट म्हणजे पाहिलेला चित्रपट असे मात्र प्रत्येक वेळी होत नाही. ब्राझीलमध्ये २०१६ साली मोशेवरील दूरचित्रवाणी मालिकेपासून बनवलेल्या ‘उस देस मांदामेंतुस’ची १ कोटी १० लाखांहून अधिक तिकिटे खपली, तथापि सर्व तिकिटे विकलेल्या खेळांत अनेक खुर्च्या रिकाम्या असल्याचे तेथील वृत्तपत्रांनी नोंदवले.

पुनरागमनाच्या यशाबरोबर त्याचे कलात्मक मोलही तपासले पाहिजे. आधीपासून पटलेल्यांनाच पुन्हा पटवून देणारा चित्रपट बहुधा संशय, पराभव आणि अनुत्तरित प्रार्थना यांना पुरेशी जागा देत नाही, आणि बायबलमध्ये तर संकटांनी खचलेल्या ईयोबाच्या विलापापासून अटकेपूर्वी येशूने गेथशेमानेच्या बागेत काढलेल्या रात्रीपर्यंत या गोष्टींना मानाचे स्थान आहे. उत्तम धार्मिक चित्रपट विश्वास नसलेल्यालाही हलवतो. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात वाखाणला गेला, तो तेथील प्रेक्षक वारकरी होते म्हणून नव्हे. नव्या श्रद्धापटांत अशी झेप क्वचित दिसते. ‘द चोझन’च्या काही भागांत ती दिसते, कारण तेथे शिष्य एकमेकांवर चिडतात आणि पांगळा शिष्य आपल्याला बरे का केले नाही, हे येशूला विचारू शकतो.

प्रदर्शनाच्या तारखा आता धार्मिक पंचांगाशी जुळवल्या जातात. उपवासकाळ, ईस्टर व नाताळ या हंगामांसाठी वितरक एक-दोन वर्षे आधी पडदे राखून ठेवतात. २०२५ मध्ये गिब्सन यांच्या पुनरुत्थानावरील द्विभागी चित्रपटाची घोषणा झाली, तेव्हा पहिल्या भागासाठी २६ मार्च २०२७ हा गुड फ्रायडेचा आणि दुसऱ्यासाठी ६ मे २०२७ हा येशूच्या स्वर्गारोहणाचा दिवस जाहीर करण्यात आला.