कपालभाती आणि भस्त्रिका : बीपीवाल्यांनी नक्की कुठलं करायचं?

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सकाळी साडेसहाला एक तरी ग्रुप नाकाने फुस्स फुस्स करत बसलेला असतोच, आणि त्यांना विचारलं की काका हे कपालभाती की भस्त्रिका, तर उत्तर येतं "तेच ते हो". आमच्या बिल्डिंगमधले एक काका, बीपीची गोळी चालू असलेले, असंच दहा मिनिटं करून घरी आले, लगेच मशीन लावलं तर वरचा आकडा १५८. घाबरून मला फोन.

तर तेच ते नाहीये. कपालभातीत जोर फक्त श्वास सोडताना, पोट आत खेचून झटका द्यायचा, घ्यायचं काम आपोआप होतं. भस्त्रिकेत घेणं-सोडणं दोन्ही जोर लावून, छातीसुद्धा चांगली फुगते. गोंधळ फक्त कट्ट्यावरच्यांचा नाही बरं का, हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात कपालभातीचंच वर्णन लोहाराच्या भात्यासारखं केलंय, आणि भस्त्रिका म्हणजे तर भाताच! फरक इतकाच की तिथे कपालभाती षट्कर्मांत, म्हणजे नेती-धौतीसारख्या सफाईच्या क्रियांत येते, आणि भस्त्रिका आठ कुंभकांत, म्हणजे श्वास रोखायच्या प्राणायामांत.

पण आपल्या हृदयाला नावाशी काही देणंघेणं नाही, ते स्पीड बघतं. मनगटावर दोन बोटं ठेवून सावकाश श्वास घ्या आणि त्याहून सावकाश सोडा, घेताना ठोके जरा पळतात, सोडताना रेंगाळतात (वय झालं की हे कमी जाणवतं). सोडताना व्हेगस नावाची नर्व्ह ब्रेक लावते. मिनिटाला सहाच श्वास घेतले तर एक श्वास होतो दहा सेकंदांचा, आणि मानेतल्या रक्तवाहिनीत बीपीवर नजर ठेवणारे जे सेन्सर आहेत त्यांची लयसुद्धा साधारण तेवढीच, दोन्ही लयी जुळल्या की ब्रेक मस्त लागतो. फास्ट केलं की हा ब्रेक सुटतो.

१९९१ च्या एका अभ्यासात चांगला सराव असलेल्या १७ जणांना सेकंदाला दोन झटके अशी कपालभाती करायला लावली, तर करताना नाडी सरासरी ९ ने, वरचं बीपी १५ ने आणि खालचं ६ ने वाढलं. सरावलेल्यांचं हे, मग आपलं काय! उलट २००९ मध्ये काठमांडूत भस्त्रिका मिनिटाला सहा श्वासांवर आणून पाच मिनिटं करून घेतली तर वरचं-खालचं दोन्ही बीपी उतरलं, नाडीही थोडी कमी झाली. गंमत म्हणजे पोटात कळ आली की आपण जी ब्युस्कोपॅन घेतो त्यातलंच औषध आधी दिलं तर हा परिणाम दिसलाच नाही, कारण ते औषध व्हेगसचा निरोपच अडवतं.

आणि ते फास्ट करताना डोकं हलकं होतं ना, त्याला लोक "ऑक्सिजन चढला" म्हणतात. कसला चढतोय, तो आधीच ९७-९८ टक्के असतो, उलट कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात म्हणून गरगरतं. बीपी कंट्रोलमध्ये नसेल, हार्टचा त्रास, हर्निया किंवा प्रेग्नन्सी असेल तर फास्टच्या नादी लागूच नका, आणि गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

काकांना म्हटलं पाच मिनिटं गप्प बसा, पाठ टेकवा, मग लावा. १३४ आला. धापा टाकत मोजलेला आकडा हा तुमचा रोजचा बीपी नसतोच. मग त्यांचा प्रश्न, कपालभाती हळू केली तर चालेल ना? झटक्यांमधलं अंतर वाढवता येतं हो, पण झटका तो झटकाच, पोट आवळलं जाणारच. भस्त्रिकेचं तसं नाही, तिचा जोर काढून नुसता लांब श्वास ठेवता येतो. काका म्हणे, "मग त्यात भाता कुठे राहिला?"